मल्टिपल स्क्लेरोसिस आणि घासणारा पाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, होऊन अकरा वर्षं झाली. दुखणं मुख्यतः डाव्या पायात. नव्याने निदान झालेले लोक आणि त्यांच्या घरचे मला फोन करतात, आणि बोलणं औषधांपासून सुरू झालं तरी शेवटी चालण्यावरच येतं. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही. जिथे न्यूरोलॉजिस्टला किंवा फिजिओला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

चालताना चप्पल पायातून निसटते आणि मला पत्ताही लागत नाही. असं का होतं?

पाऊल पुढे टाकताना आपण नकळत चवडा वर उचलतो. नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू ते काम करतो. त्याला मेंदूकडून येणारा निरोप मज्जारज्जूतून खाली उतरतो. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खाते. मग निरोप उशिरा पोचतो, अर्धवट पोचतो किंवा पोचतच नाही. चवडा लोंबतो आणि बोटं जमिनीला घासतात. याला फूट ड्रॉप म्हणतात.

अंगठ्याची चप्पल बोटांनी धरून ठेवावी लागते, म्हणून आपल्याकडे हे दुखणं बऱ्याचदा आधी चपलेत दिसतं. माझ्या बाबतीत स्टेशनच्या जिन्यावर एक अनोळखी बाई माझी डावी चप्पल हातात घेऊन मागून धावत आली, तोवर मी एक पाय अनवाणी टाकत सहा-सात पायऱ्या चढून गेले होते. तुम्हाला शंका असेल तर रोजचे बूट उलटे करून पाहा. एकाच बुटाचा पुढचा भाग झिजला असेल, तर तो फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. घरातल्यांनाही विचारा. फरशीवरचा ‘खर्र’ असा आवाज आपल्याआधी त्यांनी ऐकलेला असतो.

सुरुवातीला मी चांगली चालते. दहा-पंधरा मिनिटांनी पाय ओढायला लागतो. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

मनाचे खेळ नाहीत. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आवरण गेलेला मज्जातंतू थोडा वेळ निरोप नेतो, पण लागोपाठ काम पडलं की दमतो. विश्रांती दिली की पुन्हा चालू होतो. म्हणून सकाळी भाजी आणायला जाताना पाय ठीक असतो आणि पिशवी घेऊन परतताना ठेच लागते. बघणाऱ्याला वाटतं, मघाशी तर बरी होती.

याचा सगळ्यात मोठा तोटा डॉक्टरांच्या खोलीत होतो. तिथे आपण तासभर बाकावर बसून, पंख्याखाली गार होऊन आत गेलेलो असतो. ‘जरा चालून दाखवा’ म्हटल्यावर दहा पावलं टाकतो, आणि ती छान पडतात. नोंद होते ‘चालणं ठीक’. माझ्या कागदांवर दीड वर्ष तेच लिहिलेलं होतं. एमएसमध्ये चालण्याची नेहमीची चाचणी 25 फुटांची असते, म्हणजे साडेसात मीटरांच्या थोडं वर. माझा पाय दोनशे मीटरांनंतर घासतो, तो त्या अंतरात कसा दिसणार?

उपाय साधा आहे. वीस मिनिटं चाला, आणि पाय ओढायला लागला की कुणाला तरी मागून आणि बाजूने मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायला सांगा. पाय ताजा असतानाचाही एक काढा. दोन्ही दाखवा. शक्य असेल तर सहा मिनिटं सलग चालण्याची चाचणी करायला सांगा. त्यात खरं चित्र उतरतं. आणि किती अंतरावर पाय घासायला लागतो ते दर महिन्याला लिहून ठेवा. मी गल्लीतल्या विजेच्या खांबांवर मोजते. पूर्वी नवव्या खांबापाशी सुरू व्हायचं, आता पाचव्यापाशी होतं.

हे एमएसमुळेच आहे की कमरेची नस दबली आहे?

दोन्ही शक्य आहेत, म्हणून ‘एमएस आहे ना, मग त्यामुळेच’ असं धरून चालू नका. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याला वळसा घालून एक नस जाते. ती अगदी कातडीखाली असते. तासन्‌तास उकिडवं बसून काम केलं, पायावर पाय टाकून बसलं किंवा प्लॅस्टर घट्ट झालं की ती दबते आणि चवडा पडतो. कमरेच्या मणक्यातली गादी सरकूनही तसंच होतं. त्या दोन्हींत पाय सैल, लुळा पडतो. एमएसमध्ये बहुतेक वेळा पोटरी ताठ असते, पायात पेटके येतात आणि डॉक्टरांनी हातोडी मारली की पाय जास्तच उडतो. तपासणारा न्यूरोलॉजिस्ट हे ओळखतो. गरज पडली तर एमआरआय आणि नसांची तपासणी सांगतो.

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हापासून ‘हा तोच आजार का?’ असंही विचारतात. नाही. जीबीएसमध्ये हल्ला मज्जारज्जूबाहेरच्या नसांवर होतो आणि अशक्तपणा काही दिवसांत, बहुधा दोन्ही पायांतून एकदम, वर चढत जातो. अशी ताकद झपाट्याने जात असेल, श्वास घ्यायला जड जात असेल, तर काही वाचत बसू नका, रुग्णालयात जा.

पाय अचानक जास्त ओढायला लागला. अटॅक आला का?

आधी ताप पाहा. मग लघवीला जळजळ, वास, वारंवार जाणं आहे का ते पाहा. लघवीचा संसर्ग आमच्या लोकांमध्ये फार होतो, आणि कधी कधी त्याचं एकमेव लक्षण म्हणजे पाय न उचलणं. संसर्ग बरा झाला की पाय पूर्वपदावर येतो. तो खरा अटॅक, म्हणजे एमएसचा नवा हल्ला, नसतो. जुनीच जखम तापामुळे उघडी पडलेली असते. ताप नाही, संसर्ग नाही, आणि त्रास चोवीस तासांहून जास्त टिकला, तर न्यूरोलॉजिस्टला कळवा. खऱ्या अटॅकमध्ये बहुधा तीन ते पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड देतात. घरात उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. संसर्ग असेल तर त्या घातक ठरतात.

एप्रिल-मे मध्ये मी जवळजवळ चालूच शकत नाही. आजार वाढतोय का?

बहुतेक वेळा नाही. उन्हाळा गेला की हे जातं. 1890 मध्ये उटहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी पाहिलं, की अशा रुग्णांची नजर श्रमानंतर मंदावते आणि विश्रांतीने पुन्हा येते. पुढे कळलं, की कारण शरीराची उष्णता. मायलिन गेलेली नस अर्धा अंश तापमान वाढलं तरी निरोप सोडून देते. एमआरआय नव्हता त्या काळात निदानासाठी रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत.

मुंबई-कोकणात घाम सुकत नाही, त्यामुळे अंग गार होत नाही. विदर्भात ऊनच इतकं, की दुपारी बाहेर पडायचंच नाही. मी बाहेर जाण्याआधी थंड पाण्याने आंघोळ करते, ओला पंचा मानेभोवती ठेवते आणि थर्मासमधलं गार पाणी घोट घोट पीत राहते. कढत पाण्याची आंघोळ मी सोडली आहे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानालासुद्धा कोमटच. मोरीतून बाहेर येताना पाय गळतो आणि पडण्याची सगळ्यात वाईट जागा तीच.

व्यायाम करावा की पाय जपावा?

करावा. पूर्वी एमएसच्या रुग्णांना दमू नका, पडून राहा असं सांगत. तो सल्ला आता मागे पडला आहे. पडून राहिलं की चांगले स्नायूही जातात, आणि मग नक्की कशामुळे चालता येत नाही तेच कळेनासं होतं.

माझ्या फिजिओने सांगितलेलं मी रोज करते ते असं. पाय लांब करून बसायचं, जुनी ओढणी चवड्याला अडकवून स्वतःकडे ओढायची आणि तीस सेकंद धरायची. पोटरी ताणली जाते. पोटरी ताठ राहिली तर चवडा उचलणाऱ्या स्नायूला रोज दुप्पट भांडावं लागतं. मग ओट्याला धरून टाचांवर उभं राहण्याचा प्रयत्न. मग खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. खुब्याचे स्नायू विसरू नका. चवडा उचलत नाही तेव्हा आपण कंबर उचलून पाय बाहेरून अर्धगोल फिरवत आणतो, आणि महिन्याभरात पाठ धरते.

सगळं एकदम करू नका. पाच मिनिटं करा, पाच मिनिटं बसा, अंग गार असताना करा. व्यायामानंतर पाय तासाभरात मूळ जागी आला तर प्रमाण बरोबर. दुसऱ्या दिवसापर्यंत जड राहिला तर जास्त झालं. स्टॅटिक सायकल चांगली. गार पाण्यातलं पोहणं त्याहून चांगलं, पण सोबत कुणीतरी हवं.

स्प्लिंट लावली की स्नायू आळशी होतात ना? आणि घरात चपला घालत नाहीत, मग ती वापरायची कशी?

पहिल्या भीतीपायी मी दोन वर्षं वाया घालवली आणि तेवढ्यात तीनदा पडले. स्प्लिंट, म्हणजे घोट्याला आणि पावलाला बांधायचा आधार (डॉक्टर त्याला एएफओ म्हणतात), चवडा धरून ठेवते आणि बोटं घासू देत नाही. त्यामुळे तुम्ही जास्त चालता, आणि जास्त चालल्याने पायाचे बाकीचे स्नायू कामात राहतात. व्यायामाच्या वेळी ती काढायची. बाजारात जाताना लावायची. एवढं साधं आहे.

प्रकार पुष्कळ आहेत. घोट्याभोवती पट्टा आणि बुटाच्या नाडीला अडकणारी इलॅस्टिकची दोरी, हा सगळ्यात हलका आणि स्वस्त. थोडाच चवडा पडत असेल तर पुरतो. त्यानंतर पांढऱ्या प्लॅस्टिकची, पोटरीमागून तळव्याखाली जाणारी, मापाने बनवलेली स्प्लिंट. पोटरी फार ताठ असेल किंवा घोटा आत वळत असेल तर हीच लागते. कार्बन फायबरची हलकी असते आणि पाऊल उचलताना थोडी उसळी देते, पण महाग. ताठरपणा जास्त असेल तर ती चालत नाही. दुकानातली तयार ‘मीडियम’ उचलण्याआधी ऑर्थोटिस्टकडून, म्हणजे स्प्लिंट बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून, माप घ्या. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. 1955 पासूनची ही सरकारी संस्था स्प्लिंटही बनवते.

माप द्यायला जाताना पाय दमवून जा. मी रिक्षाने दारात उतरले, ताज्या पायाने उभी राहिले, आणि जी स्प्लिंट मिळाली ती संध्याकाळी ताठलेल्या पायाला पुरेना. दुसऱ्या वेळी मुद्दाम स्टेशनपासून चालत गेले. ऑर्थोटिस्टने पाय हातात घेतला, घोटा वाकवून पाहिला आणि म्हणाला, ‘ताई, ही पोटरी दगड झालीय, पातळ प्लॅस्टिक चालायचं नाही.’ ती स्प्लिंट मी आजही वापरते.

आता घरातला प्रश्न. या स्प्लिंटी बूट घालणाऱ्या घरांसाठी बनलेल्या आहेत. आपण दारात चपला काढतो. नुसतं प्लॅस्टिक लादीवर घसरतं आणि बुटाच्या टाचेची उंची नसल्यामुळे गुडघा मागे ढकलला जातो. मी घरासाठी वेगळे कॅनव्हासचे बूट ठेवले आहेत. ते कधीच दाराबाहेर जात नाहीत. सासूबाईंना आधी पटलं नाही. मी स्वयंपाकघरात पडले त्या दिवसापासून त्याच ते बूट पुसून पलंगाजवळ ठेवतात. बूट एक माप मोठा घ्या, आतला सुटा सोल काढा, टाच बंद हवी. आतून सुती मोजा घाला. एमएसमध्ये पायाची संवेदना कमी असू शकते, म्हणून रोज रात्री स्प्लिंट काढल्यावर कातडी पाहा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ती जागा ऑर्थोटिस्टकडून घासून घ्या. त्यावर कापूस कोंबून दिवस काढू नका.

विजेच्या यंत्राने पाय उचलतो असं ऐकलं. खरं का?

खरं. अमेरिकेत 1961 मध्ये लिबरसन यांनी अर्धांगवायूच्या रुग्णांवर ही कल्पना मांडली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या, वर सांगितलेल्या नसेवर चकती लावतात. टाच जमिनीवरून उठली की यंत्र हलका झटका देतं आणि चवडा वर येतो. एमएसमध्ये कण्यापासून पायापर्यंतची नस सहसा शाबूत असते, बिघाड वर असतो, म्हणून हे चालतं. नसच तुटली असेल तर चालत नाही. यंत्र मात्र साध्या स्प्लिंटपेक्षा कितीतरी महाग आहे. पैसे भरण्याआधी फिजिओकडच्या यंत्रावर चवडा उचलतो का, टोचणं सोसतं का, ते बघून घ्या. पेसमेकर असेल तर नको. फिटचा इतिहास असेल तर आधी न्यूरोलॉजिस्टला विचारा.

चालणं सुधारणारी गोळी आहे का?

फॅम्प्रिडीन, दुसरं नाव डालफॅम्प्रिडीन. अमेरिकेत 2010 मध्ये मान्यता मिळाली, भारतातही मिळते. आवरण गेलेल्या नसेतून निसटणारा विजेचा प्रवाह ती रोखते. आजार थांबवत नाही. चाचण्यांमध्ये साधारण तीनपैकी एकाचा वेग सुधारला, म्हणजे दोघांना उपयोग झाला नाही. त्यामुळे सुरू करण्याआधी 25 फुटांची वेळ मोजून घ्या, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा मोजा, फरक नसेल तर डॉक्टरांना सांगून बंद करा. 10 मिलिग्रॅमची गोळी बारा तासांच्या अंतराने घ्यायची, कधीही तोडायची किंवा कुटायची नाही. चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत, फिट येऊ शकते. आधी फिट आली असेल किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील तर ही गोळी नको.

ताठरपणासाठी बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडीन देतात. इथे एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. काही जणांचा पाय ताठरपणाच्याच जोरावर उभा असतो. डोस जास्त झाला की पाय मऊ पडतो आणि गुडघा वाकतो. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतील. पण बॅक्लोफेन एकदम बंद करू नका, भास आणि फिट येऊ शकतात. एकट्या पोटरीचाच त्रास असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शनही देतात.

काठी कुठल्या हातात धरायची?

चांगल्या पायाच्या बाजूच्या. डावा पाय कमजोर तर काठी उजव्या हातात, आणि काठी व डावा पाय एकत्र पुढे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. काठीचं रबर पावसाळ्याआधी बदला.

घरात काय बदलावं?

पहिलं पायपुसणं काढा. मग उंबरठा. आमच्याकडे उंबरठा काढायला कुणी तयार नव्हतं, म्हणून त्याच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली आणि चौकटीला दांडी बसवली. आता मी तिथे थांबते, दांडी धरते, पाय बघून उचलते. मोरीत रबरी चटई, बसून आंघोळ करायला प्लॅस्टिकचं स्टूल, आणि कमोडशेजारी भिंतीत पक्की ठोकलेली दांडी. टॉवेलची दांडी आधाराला धरू नका, ती तुमच्यासकट खाली येते. रात्री पलंगापासून संडासापर्यंत दिवा चालू ठेवा.

गाडी चालवू का?

उजवा पाय असेल तर साधी कार नको. ब्रेकवरून पाय सरकलेला तुम्हाला कळणार नाही. डावा पाय असेल तर क्लच नसलेली गाडी बऱ्याच जणांना जमते, पण डॉक्टरांना विचारून. हाताने चालवण्याजोगे बदल करून, परिवहन कार्यालयात नोंद करूनही गाडी घेता येते. स्कूटरवर खरा धोका सिग्नलला पाय टेकवताना असतो.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?

मिळतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वतंत्रपणे आहे. सरकारी पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा, मग रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक सवलतींना 40 टक्के अपंगत्व लागतं. तपासणीच्या दिवशीही वर लिहिलेले दोन व्हिडिओ आणि खांबांची वही सोबत न्या. ‘दिसायला तर ठीक आहात’ या वाक्याला दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कागदपत्रांत अडलात तर 1985 पासून काम करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई किंवा पुण्याच्या शाखेशी बोला.

माझ्या भावाचा रस्त्यात झोक जातो म्हणून लोक त्याला दारूडा समजतात. काय करावं?

काठी. लागत नसली तरी गर्दीत हातात ठेवायची. लोक बाजूला होतात, रिक्षावाला थांबतो, कुणी धक्का मारत नाही. त्याला हे तुम्ही सांगू नका, त्याच्यासारख्याच दुसऱ्या पुरुषाशी त्याची गाठ घालून द्या.

मुलीला आत्ताच निदान झालं आहे. ती व्हीलचेअरवर जाईल का?

हा प्रश्न विचारताना आईचा आवाज बदलतो, आणि मी नेहमी आधी थोडी थांबते. सगळ्यांचा आजार त्या वाटेने जात नाही. आता अटॅक कमी करणारी औषधं आहेत आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं चालणं जास्त काळ टिकतं. ती तुम्ही टाळू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

आणि व्हीलचेअर म्हणजे कायमची बसकण नव्हे. मी घरात चालते, गल्लीत काठीने चालते, विमानतळावर चाकाची खुर्ची मागून घेते. गेल्या वैशाखात भाचीचं लग्न होतं. फाटकापासून मांडवापर्यंत मला खुर्चीतून नेलं, दोन-तीन बायकांनी डोळ्यांत पाणी आणून विचारपूस केली. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी उठले, डाव्या पायाचा बूट नीट टेकवला आणि शेवटच्या ‘सावधान’पर्यंत उभी राहून अक्षता टाकल्या.